रेवाचे आठ टक्के

"आई, माझे किती?"

रेवानं विचारलं तशी मी वही उलटी करून मांडीखाली घातली. पण पालकांच्या त्या खोलीत आठ वर्षांच्या मुलीपासून काही लपवायला जागा होती कुठे? डझनभर खुर्च्या, भिंतीवर चित्रीकरण दाखवणारा एक टीव्ही, कोपऱ्यात गरम पाण्याचं मशीन आणि सगळ्यांच्या पायात सगळ्यांच्या पिशव्या.

"आठ," मी म्हटलं.

"आठच?"

"मागच्या आठवड्यात सहा होते. वाढलेत की."

"आणि दादाचे?"

"पंचेचाळीस."

दादा म्हणजे चिन्मय गुरव. समोरच्याच खुर्चीवर तो तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरून बसला होता, भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून. काडी काढून तो म्हणाला, "पंचेचाळीस म्हणजे काठावर पास की हो काकू!"

"गप रे, बोलू नकोस," त्याची आई म्हणाली. "आवाज आहे तो. नळ नाही, कधीही सोडायला."

'चिमणसूर' या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत तेव्हा चौघं उरले होते. देवरुखचा चिन्मय, नाशिकची ज्ञानदा, लातूरचा समर्थ आणि माझी रेवा. त्या आठवड्यात एक जण जाणार होता आणि उरलेले तिघं अंतिम फेरीत. मी कराडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकून मी रेवाबरोबर मुंबईत राहिले होते, आणि त्या तीन महिन्यांत दर आठवड्याला मी एक तक्ता करत होते. मुलाचं नाव, कुठलं गाणं, परीक्षकांचे गुण, तब्येत, आणि शेवटच्या रकान्यात जिंकण्याची शक्यता, टक्क्यांत. बाकीच्या आया पोथी वाचायच्या, कुणी उपास धरायच्या. मी आकडे मांडायचे. आकडा मांडला की तासभर तरी बरं वाटायचं.

रेवाला मी कधीच खोटा आकडा सांगितला नाही. मुलांना फसवू नये, खरं काय ते सांगावं, असं माझं मत होतं. त्याचा मला अभिमानही होता.

"आई, समजा मी गाताना शब्दच विसरले. मग शून्य?"

"शून्य कधीच नसतं, राणी. काहीही होऊ शकतं जगात. अगदी कमी असलं तरी एक तरी लिहायचं."

"एक तरी लिहायचं," रेवा म्हणाली आणि चिन्मयच्या शेजारी जाऊन बसली. त्यानं तिला आपल्या काडीचा दुसरा तुकडा मोडून दिला.

हॉटेलात आम्ही एकाच खोलीत होतो. दोन आया, दोन मुलं, चार गाद्या. सुनंदाताई, म्हणजे चिन्मयची आई, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठ्या. त्यांच्या घरात देवळातली सनई पिढ्यान्‌पिढ्यांची. गाणारा मात्र चिन्मय पहिलाच. सकाळी उठून त्या दोन्ही मुलांना एकाच किटलीतून हळदीचं पाणी द्यायच्या. रेवाच्या वेण्या त्याच घालायच्या, कारण माझ्या वेण्या कॅमेऱ्यासमोर सुटतात असं त्यांचं म्हणणं होतं. आणि चिन्मय रेवाला ताना शिकवायचा, जिन्याच्या पायऱ्यांवर. एक पायरी, एक सूर. चुकली की ती एक पायरी खाली, जमलं की वर. कधी कधी ती मुद्दाम चुकायची, म्हणजे खेळ लांबेल.

तक्त्यात माझा आणखी एक रकाना होता. पट्टी. पेटीवरच्या ज्या पट्टीला गाणारा आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. चिन्मय आला तेव्हा काळी पाचमध्ये गायचा. उंच, कोवळा, टाचणीसारखा आवाज. मग एका तालमीत त्यानं पेटीवाल्या नानांना पांढरी सहा मागितली. दोन आठवड्यांनी काळी चार. एकेक पायरी खाली. गाणी सुंदरच होत होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. माझ्या आलं, कारण दर तालमीला मी नानांच्या मागे उभी राहून प्रत्येकाच्या नावापुढे पट्टी लिहून घेत होते.

चिन्मयचे पंचेचाळीस सांगितले त्याच संध्याकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना सुनंदाताई आपणहून म्हणाल्या, "वृषालीबाई, तुमच्या नजरेतून काय सुटत नाय. तुम्हाला कळलंय ना?"

मी दोरीला पुढचा चिमटा लावला.

"परवा सकाळी मला हाक मारलीन, तर आई एकदाच म्हणाला पण आवाज दोन आले. मी त्याला हसून दाखवलं. आणि न्हाणीत जाऊन रडले." त्यांनी एक टॉवेल झटकला. "तेरावं सरत आलंय. ह्याच्या बापाचा आवाज चौदाव्यात फुटला. मी देवाजवळ तेवढं एक वर्ष मागत होते."

"खालच्या पट्टीत छान गातोय तो."

"गातोय तोवर गातोय. दोन आठवडे, बाई. एवढे निभावले की मग घोगरा होऊ दे नाहीतर बेडकासारखा होऊ दे. ट्रॉफी हातात घेऊन एकदा देवळात उभा राहिलेला बघायचाय मला. कुणाला बोलू नका."

"माझ्या तोंडून नाही जायचं," मी म्हटलं.

आणि नाही गेलं. पण रात्री अंथरुणावर पडले आणि मला तो जुना आकडा टोचायला लागला. पंचेचाळीस आता खरा नव्हता. सकाळी मी तो खोडला आणि वीस लिहिलं.

मी दात घासून आले तर रेवा वहीवर वाकली होती.

"दादाचे वीस का केलेस?"

"तुला काय करायचंय? चल, हळद घे."

"सांग ना, आई. पंचवीस कमी? काय चुकलं त्याचं?"

सुनंदाताई चिन्मयला घेऊन खाली चहाला गेल्या होत्या. कुणी प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं नाही, असं माझ्याकडून होत नाही. शिकवणाऱ्या माणसाची खोड असते ती. मी म्हटलं, "चुकलं काही नाही. त्याचा आवाज आता मोठ्या माणसासारखा व्हायला लागलाय. सगळ्या मुलग्यांचा होतो. खालच्या पट्टीत गातोय तोवर ठीक. गाण्याच्या मूळ पट्टीत गायला लावलं तर वर पोचणार नाही."

"मग किती होतील?"

"मग एक."

"आणि माझे?"

"तुझे वाढतील. चल, उशीर होतोय."

ती पेला घेऊन हळद प्यायली. नाक दाबून, तीन घोटांत, नेहमीसारखी.

चित्रीकरण शनिवारी होतं. शुक्रवारी दुपारी तन्वी पालकांच्या खोलीत आली. कार्यक्रमाची आखणी करणाऱ्या टीममधली ही चोवीसपंचवीस वर्षांची मुलगी. मुलं तिच्या अंगाखांद्यावर असायची. "एक छोटासा बदल आहे हं," ती हसत म्हणाली. "उद्या 'मूळ पट्टी' फेरी. सगळ्यांनी आपलं गाणं ज्या पट्टीत रेकॉर्ड झालंय त्याच पट्टीत गायचं. मज्जा येईल, खरा कस लागेल!"

ज्ञानदाची आई म्हणाली, "आयत्या वेळी?"

"अहो, टीव्ही म्हणजे आयतीच वेळ," तन्वी म्हणाली.

मी सुनंदाताईंकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हे मात्र मला न बघताही कळलं.

चिन्मयचं गाणं आम्ही भिंतीवरच्या टीव्हीवर पाहिलं. पहिला अंतरा त्यानं निभावला. चेहरा लाल झाला होता, हात पाठीमागे धरले होते. दुसऱ्या अंतऱ्यात वरच्या सा-ला तो गेला आणि आवाज फाटला. नुसता अडकला नाही. दोन तुकडे झाले, एक खाली घोगरा आणि एक वर चिरका. तो थांबला. वाद्यं क्षणभर वाजत राहिली आणि मग थांबली. त्यानं हात जोडून परत घ्यायची परवानगी मागितली. परत घेतलं. परत तेच झालं. तेव्हा ढोलकीवाल्यानं कुणी विनोद केल्यावर वाजवतात तसा तुकडा वाजवला आणि सूत्रसंचालक म्हणाला, "अरे, आज एकावर एक फ्री! दोन दोन चिन्मय!" प्रेक्षक हसले. परीक्षकही हसले, प्रेमानं म्हणता येईल असं. चिन्मयसुद्धा हसला, कारण सगळे हसत होते.

सुनंदाताई उभ्या होत्या. त्यांच्या हातात किटली होती, गाणं झाल्यावर त्याला द्यायची. ती त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

चिन्मय गेला. रेवा तिसऱ्या क्रमांकानं अंतिम फेरीत आली. मला आनंद झाला. हे मी लिहून ठेवते आहे, कारण ते खरं आहे. पहिल्या क्षणी मला फक्त आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदाताई सामान बांधत होत्या. चिन्मय खिडकीशी बसला होता, मफलर आता नाकापर्यंत ओढलेला. कालपासून तो एक शब्द बोलला नव्हता. रेवा माझ्या गादीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"तीन महिन्यांत नाय आली कुणाच्या डोक्यात ही मूळ पट्टी," सुनंदाताई साडीची घडी घालत म्हणाल्या. "नेमकी परवाच कशी आली?"

"मला खरंच माहीत नाही, ताई."

"त्याच्या आवाजाचं तुम्हाला एकटीला माहीत होतं."

"नानांना कळलं असेल. पेटी तेच वाजवतात."

"नाना त्याला दोन महिने सांभाळून घेतायत. ते नाय बोलायचे. तुमच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं."

"लिहिते मी. सांगत कुणाला नाही."

"पोर पुढं जायला कुठली आई काय करील, सांगता येत नाय. मी केलं असतं का? काय माहीत, मी पण केलं असतं." त्यांनी घडी बॅगेत ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवा. आणि बोला."

एरवी मी हसले असते. वर्गात मी असल्या गोष्टींची टिंगल करायचे. मांजर आडवं गेलं तर अपघाताची शक्यता किती बदलते, असा प्रश्न परीक्षेत घालायचे. पण त्या तीन महिन्यांत शंभर टक्के खात्री असलेली गोष्ट माझ्याकडे ही एकच होती. तिचा मला भलताच आधार वाटला. मी ताडकन उठले, रेवाजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि नुसतं "मी सांगितलं नाही" म्हणून थांबले असते तरी पुरलं असतं. पण खरेपणाचा जोर अंगात आलेला होता.

"आम्हा दोघींपैकी एकीच्याही तोंडून हे गेलं असेल," मी म्हटलं, "तर माझी ही पोर मला पुन्हा दिसणार नाही."

रेवाची टाळू घामानं ओली होती. मे महिना होता.

"काढा हात," सुनंदाताई एकदम म्हणाल्या. "काढा, काढा. इतकं नको होतं बोलायला." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकले मी. पोटात दुखतंय म्हणून ओठावर आलं. माफ करा, बाई."

निघताना त्यांनी रेवाचा गालगुच्चा घेतला. "नीट गा गं. दादासाठी गा." चिन्मय जिन्यावरून खाली गेला तो रेवाकडे न बघता. एकेक पायरी, हळूहळू.

अंतिम फेरीला सहा दिवस होते. त्या सोमवारी सकाळी रेवा म्हणाली, "आई, माझं डोकं धू."

"वेड लागलंय? फायनलपर्यंत डोक्याला पाणी नाही." हा आम्हा सगळ्या आयांचा नियम होता. ओले केस, सर्दी, बसलेला घसा. असं एका पोराचं तिसऱ्या आठवड्यात झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुपारी तिनं पुन्हा विचारलं. मंगळवारी तीनदा विचारलं. बुधवारी मी तिला न्हाणीत धरलं. नळाखाली डोकं घालून उभी राहणार होती. मी तिला एक धपाटा घातला. ती रडली नाही. म्हणाली, "थोडंसंच. मधलंच फक्त."

"खाज येते का? उवा झाल्या का?" मी तिचं डोकं उजेडात धरून विंचरून पाहिलं. काही नव्हतं.

ती रस्ता ओलांडताना माझा हात दोन्ही हातांनी धरायला लागली. माशाचा तुकडा ताटात नुसता चिवडायची, काटा लागेल म्हणून. लिफ्टमध्ये पाय ठेवीना. मी वहीत लिहिलं: "भूक कमी. झोप अस्वस्थ. दडपण. शक्यता तीन टक्क्यांनी खाली." तालमीत मात्र ती इतकी सुंदर गात होती की नाना पेटी थांबवून म्हणाले, "ह्या पोरीला काय झालंय? हा आवाज वयाला शोभत नाही."

शनिवारी, अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी, तन्वी मला पोशाख दाखवायला घेऊन गेली. "तुमच्या रेवाचं मला फार कौतुक आहे हं मॅडम," ती म्हणाली. "काय डोकं आहे हो! ते 'माझं गुपित' म्हणून आम्ही मुलांचं थोडं थोडं शूट घेतो ना, त्यात मी तिला विचारलं, कोण जिंकणार गं? तर म्हणते कशी, दादाचे वीस टक्के आहेत, पण मूळ पट्टीत गायला लावलंत तर एकच! आणि हो, म्हणाली, शून्य नाही लिहायचं. आम्ही हसून हसून... खरं सांगू का, ती फेरी आम्हाला तिथूनच सुचली."

"ते दाखवणार आहात?"

"छे हो! तो मुलगा गेला ना. वाईट दिसेल."

मी हातातला फ्रॉक परत हँगरला लावला. एकदा लागला नाही, म्हणून दुसऱ्यांदा लावला. सांगू नकोस, असं मी रेवाला म्हटलंच नव्हतं. मी फक्त आकडे सांगितले होते, आणि ते सगळे बरोबर होते.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. रेवा दुसरी आली; तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे, पण दहावीनंतर तिनं गाणं सोडलं. चिन्मयच्या आवाजाचा तो तुकडा लाखो लोकांनी मोबाइलवर पाहिला; त्याला मागून लोकांनी बेडकांचं डरांव डरांव जोडलं. तो पुन्हा गायला नाही, एवढं नानांकडून कळलं. सुनंदाताई दर संक्रांतीला मला मेसेज करतात. त्यांची माफी मी अजून माझ्याकडेच ठेवलेली आहे. परत केलेली नाही.

अंतिम फेरीच्या त्या रविवारी सकाळी गाडी आठला येणार होती. मी सहालाच गिझर लावला, बादली भरली आणि रेवाला हाक मारली.

"चल. डोकं धुऊया."

ती दारातच उभी राहिली. "आज तर फायनल आहे."

"असू दे."

ती पाटावर बसली, पाठमोरी. मी सुनंदाताईंनी शिकवलेल्या दोन्ही वेण्या सोडल्या. पहिला तांब्या ओतला तसे तिचे खांदे वर गेले. मी शिकेकाई चोळायला लागले. बराच वेळ चोळत होते.

"तन्वीताईनं विचारलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "मी खरं ते सांगितलं."

"माहीत आहे मला."

"मला वाटलं माझे वाढतील. दादा हरेल असं नव्हतं वाटलं. म्हणजे, वाटलं होतं. थोडंसं."

"तुझी चूक नाही, राणी. माझी आहे."

"पण हात तू माझ्या डोक्यावर ठेवला होतास ना."

मी पाणी ओतलं. काळसर फेस तिच्या पाठीवरून वाहत मोरीकडे गेला. ती मान वळवून तो बघत होती.

"आई, धुतल्यावर शपथ निघते?"

"निघते."

"सगळी?"

"सगळी."

"मग मी मरणार नाही?"

"नाही गं. कशाला मरशील?"

"किती टक्के?"

"शून्य," मी म्हटलं. "शून्य टक्के, रेवा."

तिनं दोन्ही तळहातांनी डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. वर्गात आपली चूक दाखवणारी हुशार मुलगी बघते तसं, थोडं संकोचून.

"शून्य कधीच नसतं," ती म्हणाली. "एक तरी लिहायचं."

खालून गाडीचा हॉर्न वाजला, ठरल्यापेक्षा खूप लवकर. मी बादली रिकामी होईपर्यंत तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले.